मापात पाप नसलेला खलनायक

अंतोन राडू काय विकतो?

डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या कल्पनारम्य खेळाची जुनी साहसं खेळलेल्या माणसांना मी हा प्रश्न मुद्दाम विचारते आणि समोरचा हमखास गडबडतो. राडू कोण, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. स्पेक्युलॅरम शहरातला बडा व्यापारी, राडू घराण्याचा कर्ता पुरुष आणि तोंड झाकून हिंडणाऱ्या टोळीचा छुपा म्होरक्या. (चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये. एवढ्या काळात जन्मठेपही भोगून होते.) डेव्हिड कुक यांनी लिहिलेलं ‘द व्हेल्ड सोसायटी’ हे साहस टीएसआर कंपनीने 1984 साली काढलं. व्होर्लोई, राडू आणि तोरेनेस्कू ही तीन मातब्बर घराणी, त्यांची एकमेकांवरची खुन्नस, एका तरुणीचा खून, आणि सोबत कापून-चिकटवून उभी करायची कागदी घरं. ती घरं लोकांना अजून आठवतात. बुरखे आठवतात, सुरे आठवतात. पण राडू कापड विकतो, धान्य विकतो की लाकूड, असं विचारलं की मंडळी छताकडे बघू लागतात.

बघणारच. राडूच्या जागी सरदार ठेवा, मठाधिपती ठेवा, बंदरावरचा मुकादम ठेवा. खून तोच, टोळी तीच, शेवटची हाणामारीही तीच. व्यापार हा त्याचा नुसता अंगरखा आहे. उतरवून खुंटीला लावला तरी आतला गुंड शाबूत राहतो.

राडूला निदान जुनेपणाचा मान तरी देऊ. 1987 मध्ये ॲरन ऑलस्टन यांनी त्याच्या देशाचं, कारामाइकोसचं, गॅझेटियर लिहिलं आणि तिथल्या मूळच्या त्रालादारा लोकांना पूर्व युरोपचा रंग चढवला: घनदाट जंगलं, लांडगे होणारी माणसं, शकुन-अपशकुन आणि डोक्यावर बाहेरून आलेला ड्यूक. घराण्यांची नावं रुमानियन थाटाची, पण तेव्हा ‘पूर्वेकडचं काहीतरी’ एवढ्यावर भागत असे. आजही भागतं. त्यानंतर स्लाव्ह धाटणीच्या कॅम्पेनमधला, म्हणजे सलग चालणाऱ्या खेळातला, व्यापारी खलनायक मी इतक्या वेळा पाहिलाय की तो दारातून आत येण्याआधीच ओळखू येतो. अंगावर अस्वलाची फर, दहाही बोटांत अंगठ्या, सुटलेलं पोट, तेलकट हसू. खेळ चालवणारा डंजन मास्टर त्याच्यासाठी खास आवाज काढतो. तसा आवाज रशियात कुणी काढत नाही, पण हिंदी सिनेमातल्या रशियन हेराने एकदा काढला आणि तोच प्रमाण ठरला. हा गृहस्थ सुरुवातीला खेळाडूंना काम देतो, मधे त्यांना फसवतो, आणि अखेरीस त्याच्या तळघरात कैदी, विषाच्या बाटल्या आणि कुठल्यातरी काळ्या देवतेची वेदी सापडते. वेदी सापडली की टेबलाभोवती सगळ्यांना हायसं वाटतं. चला, आता तलवार उपसायला हरकत नाही.

माझा राग त्या हायसं वाटण्यावर आहे. व्यापारी दुष्ट आहे हे दाखवायला त्याच्या तळघरात वेदी का लागते? त्याची वखार पुरत नाही?

पुरत नाही, कारण नियमांच्या पुस्तकाने वखारीची सोयच ठेवलेली नाही. पाचव्या आवृत्तीचं 2014 सालचं ‘प्लेअर्स हँडबुक’ उघडा. लांब तलवार सोन्याची 15 नाणी, पूर्ण पोलादी चिलखत 1500. एक पाव तांब्याची 2 नाणी. एक पौंड मीठ तांब्याची 5. नदी गोठली, शहराला वेढा पडला, राजा मेला, तरी मीठ पाच. डंजन मास्टरने भाव हलवायला कुणाची बंदी नाही, पण हलवतो कोण? सगळा खेळ ह्या तक्त्यावर चालतो आणि तक्ता जणू स्वर्गातून उतरलेला असतो. आता मला सांगा, ज्या जगात मिठाचा भाव कधीच वाढत नाही, त्या जगात साठेबाजाने काय करावं? त्याच्या बुद्धीला कामच नाही. मग बिचारा सुरा हातात घेतो.

ज्या मातीचं नाव घेऊन ही कॅम्पेनं विकली जातात, त्या मातीत मिठाचीच एक गोष्ट पडून आहे. कीवच्या गुहामठातल्या साधूंच्या कथांचा एक जुना संग्रह आहे, त्यात प्रोखोर नावाच्या साधूची कथा येते. अकराव्या शतकाच्या अखेरीस राजपुत्रांच्या आपसातल्या लढायांमुळे पश्चिमेकडून, गालिच आणि पेरेमिश्लहून येणारं मीठ बंद झालं. कीवमध्ये मिठाची टंचाई. प्रोखोरने मठातल्या खोल्यांमधली राख गोळा केली, प्रार्थना केली, राखेचं मीठ झालं, आणि तो ते फुकट वाटू लागला. मिठाच्या व्यापाऱ्यांचा धंदा बसला. त्यांनी काय केलं? मारेकरी पाठवले नाहीत. ते राजाकडे, स्व्यातोपोल्ककडे गेले आणि साधूने आमचं नुकसान केलं म्हणून रीतसर गाऱ्हाणं मांडलं. राजाने साधूचं मीठ जप्त केलं. ते विकून पैसा करावा असा त्याचाही बेत होता. वाड्यावर पोचेपर्यंत मिठाची राख झाली, ती बाहेर फेकली, आणि लोकांनी उचलली तेव्हा तिचं पुन्हा मीठ झालं.

ह्यात जादू आहे, राजा आहे, साधू आहे, उपाशी शहर आहे. कॅम्पेनला आणखी काय हवं? पण मला ह्या कथेत सगळ्यात भेदक वाटतं ते व्यापाऱ्यांचं गाऱ्हाणं. त्यांच्या दृष्टीने त्यांच्यावर अन्याय झाला होता. ते खरेच दुखावले होते. फुकट मीठ वाटणाऱ्या माणसामुळे प्रामाणिक व्यापाऱ्याचं घर चालायचं कसं? हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभेल असा खलनायक मला एकाही छापील साहसात भेटलेला नाही.

आणि कायदा बघा. 1113 साली स्व्यातोपोल्क मेला आणि कीवमध्ये दंगल उसळली. नवा राजा व्लादिमीर मोनोमाख आला आणि त्याने कर्जाचे नियम बांधले. ‘रूस्काया प्राव्दा’ ह्या जुन्या कायदेसंग्रहात ते सापडतात. तिसऱ्या हिश्शाच्या दराने ज्याने दोनदा व्याज घेतलं त्याला मुद्दल मागता येईल. ज्याने तिसऱ्यांदा घेतलं त्याची मुद्दल बुडाली. मला हा नियम वाचताना खलनायक दिसतो. तो दोनदा व्याज घेतो आणि थांबतो. मुद्दल मागतो. ऋणको रडकुंडीला येतो, तेव्हा आपल्या पुतण्याकडे बोट दाखवतो: हा देईल की नवं कर्ज, जुनं फेडायला. पुतण्याही दोनदाच घेतो. कायद्याचं एक अक्षरही मोडलेलं नाही.

त्याच संग्रहात झाकूप येतो, म्हणजे कर्जापोटी दुसऱ्याकडे राबणारा माणूस. तो मालकाकडून पळाला तर कायमचा गुलाम होतो. पण पैसे जमवायला उघडपणे गेला, किंवा मालकाविरुद्ध दाद मागायला राजाकडे धावला, तर गुलाम होत नाही. ह्या दोन ओळींवर अख्खं कॅम्पेन उभं राहतं. व्यापाऱ्याचा एक झाकूप दाद मागायला निघतो. वेशीवरच्या पहारेकऱ्याला काही चांदी मिळालेली असते, म्हणून तो ‘पळून गेला’ अशी साक्ष देतो. दुसऱ्या दिवशी चौकात दवंडी: पळालेला ऋणको धरून आणणाऱ्याला बक्षीस. दवंडी ऐकून कोण पुढे येणार? आपलेच खेळाडू! पहिल्या पातळीचे, खिसे रिकामे, तलवारीला धार. ते जंगलात त्याचा माग काढतील, फासे टाकतील, त्याला बांधून आणतील, बक्षीस घेतील आणि रात्री गुत्त्यात बसून ते पिऊन टाकतील. माणूस गुलाम झाला हे त्यांना पुढे कधीतरी कळेल, आणि तो आपणच केला हेही. वेदी नको, विष नको. खलनायकाने त्या दिवशी आवाजही चढवलेला नाही.

खरं तर एवढंही रचायची गरज नाही. 1951 च्या जुलैत नोव्हगोरोदच्या उत्खननात बर्चच्या सालीवर कोरलेलं पहिलं पत्र सापडलं, आणि तेव्हापासून तिथल्या चिखलाने अशी अकराशेच्या वर पत्रं दिली आहेत. त्यांतली कितीतरी देण्याघेण्याची आहेत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक पत्र झिझ्नोमीर नावाचा माणूस मिकुला नावाच्या माणसाला लिहितो. तू प्स्कोव्हमध्ये एक दासी विकत घेतलीस, आता राणीने तिच्यावरून मला धरलंय, माझ्या जामिनाला माझे लोक उभे राहिलेत. ज्याने तुला ती विकली त्याला विचार, एक घोडा घे, राजाच्या माणसाला त्यावर बसव आणि समोरासमोर नीट मोकळं करून घ्या. चोरीचा माल कुणी कुणाला विकला ह्याची साखळी मागे मागे नेत मूळ चोरापर्यंत जायची अशी ही रीत होती. हे एक पत्र खेळाडूंच्या हातात द्या आणि गप्प बसा. ती दासी कोण, तिला कुणी चोरलं, साखळीच्या शेवटी कोणता प्रतिष्ठित दरवाजा उभा आहे. पण आमचे कॅम्पेन-लेखक इकडे फिरकत नाहीत. त्यांना बाबा यागा चेटकिणीची कोंबडीच्या पायांची झोपडी पुरते.

नोव्हगोरोदचा विषय निघालाच आहे तर मेणावर थोडं थांबते, कारण फर आणि मेण ह्या दोन मालांवर ते शहर पोसलं होतं. ओपोकीवरच्या सेंट जॉनच्या चर्चमध्ये मेण तोललं जाई आणि तिथल्या मेण-व्यापाऱ्यांच्या संघाला इव्हानचा शतसंघ म्हणत. त्याच्या सनदेप्रमाणे वंशपरंपरेने चालणारं सभासदत्व मिळवायला 50 ग्रिव्ना चांदी मोजावी लागे. म्हणजे काटा कुणाच्या हातात, हे चांदीने ठरणार. पलीकडे हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांचं पेटरहोफ, त्यांचं स्वतःचं आवार, स्वतःचे नियम, आणि माल ठेवायला चक्क चर्च. त्यांच्या नियमात रशियनांशी उधारीवर व्यवहार करायला मनाई होती. जर्मन लोक मेणाच्या ढेपा खरवडून बघत, आत भलतंच काही भरलंय का ते. कापडाची लांबी कमी भरते म्हणून नोव्हगोरोदचे लोक उलट ओरडत. दोघांनाही एकमेकांची लबाडी ठाऊक, दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही. शेवटी 1494 मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने पेटरहोफला कुलूप ठोकलं, 49 जर्मन व्यापारी अटकेत टाकले आणि माल जप्त केला. सगळ्यात मोठा व्यापारी डाव व्यापाऱ्याने टाकलाच नाही, तो राजाने टाकला.

मापात पाप म्हणतात ते हे. काट्याच्या दांडीखाली जे घडतं, ते तळघरात घडण्यापेक्षा जास्त भीतीदायक आहे, कारण ते भरदिवसा, चर्चमध्ये, साक्षीदारांसमोर घडतं.

सादकोचं काय झालं तेही बघा. इल्मेन सरोवराकाठी गुस्ली वाजवणारा, समुद्रराजाच्या महालात जाणारा हा नोव्हगोरोदचा नायक स्लाव्ह धाटणीच्या प्रत्येक खेळात बासरीवाल्या-वीणावाल्याच्या रूपाने येतो. समुद्रराजा घेतात, त्याच्या मुली घेतात. मधला भाग गाळतात. त्या मधल्या भागात श्रीमंत झालेला सादको पैज लावतो की नोव्हगोरोदमधला सगळाच्या सगळा माल मी विकत घेईन. पहिल्या दिवशी बाजार रिकामा करतो. दुसऱ्या दिवशी बाजार दुप्पट भरलेला. पुन्हा विकत घेतो, पुन्हा भरतो. अखेर हात टेकतो: मी श्रीमंत नाही, नोव्हगोरोद श्रीमंत आहे. म्हणजे लोकगाथेच्या नायकाने बाजार कोंडून बघितला आणि तो हरला, हे त्या लोकांना गाण्याजोगं वाटलं. आमच्या खेळांना वाटत नाही. (ह्याच सादकोवरचा रिम्स्की-कोर्साकोव्हचा ऑपेरा सव्वा मामोंतोव्ह ह्या रेल्वेवाल्या कोट्यधीशाच्या खासगी मंडळीने पहिल्यांदा रंगमंचावर आणला. 1899 मध्ये मामोंतोव्हलाच अफरातफरीच्या आरोपाखाली अटक झाली. पुढच्या वर्षी ज्यूरीने निर्दोष सोडलं, पण तोवर सगळं विकलं गेलं होतं. समुद्रराजा परवडला.)

आता कुणी म्हणेल, स्लाव्ह धाटणीत चांगले खलनायक झालेच नाहीत का? झालेत. ‘विचर 3’ ह्या व्हिडिओ गेमच्या ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ ह्या 2015 च्या पुरवणीतला गाँटर ओ’डिम घ्या. गुत्त्यात भेटणारा, आरसे विकणारा एक साधासा फिरता व्यापारी. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. तो ओल्गेर्द नावाच्या माणसाशी करार करतो आणि वसुलीसाठी दोघांनी चंद्रावर उभं राहायचं, अशी अट असते. मग चंद्राचं चित्र जडवलेली फरशी सापडते आणि अट पुरी होते. पोलिश लोकांना ह्यातला पान त्वार्दोव्स्की लगेच ओळखू येतो. त्याने सैतानाशी करार करताना माझा आत्मा फक्त रोममध्येच घेता येईल असं कलम घातलं होतं आणि शेवटी ‘रोम’ नावाच्या खानावळीत तो सापडला. कलमाने मारलेली माणसं! हे लेखन अव्वल आहे, ह्यात मला शंका नाही. तशीच डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’ ह्या 2016 च्या साहसातली मोर्गांथा. गाडी ढकलत गोड स्वप्नांची पेस्ट्री विकणारी म्हातारी. लोकांना चटक लागते, पैसे संपतात, मग ती पेस्ट्रीच्या बदल्यात मुलं घेऊन जाते आणि पवनचक्कीत त्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी चटक, मग उधारी, मग तारण. त्या सबंध पुस्तकात धंदा कळणारी ही एकच बाई.

पण बारकाईने बघा, ही दोघं कोण आहेत? एक सैतान, दुसरी चेटकीण. म्हणजे जेव्हा लेखकाला व्यापाराची खरी क्रूरता लिहायला जमली, तेव्हा ती माणसाच्या हातात ठेवायची त्याची छाती झाली नाही. करार इतका निर्दय आहे ना, मग तो मानवी असूच शकत नाही, नरकातून आला असणार. साध्या, दोन पायांच्या, बायकोपोरांच्या व्यापाऱ्याला मात्र टोळी आणि सुरा. माणूस अलगद सुटला पाहिजे, अशी ही व्यवस्था आहे.

आणि जिथे माणूस ठेवलाच, तिथे तो कसा ठेवला? फर, अंगठ्या, लांब नाक, परका उच्चार, गावाबाहेरचं घर. मध्य आणि पूर्व युरोपात ह्या चित्राला पत्ता आहे. मघाशी सांगितलेल्या 1113 च्या दंगलीत कीवच्या जमावाने आधी राजाच्या अधिकाऱ्याचं, पुत्यातचं, घर लुटलं आणि मग ज्यूंची घरं. त्यानंतर आठशे वर्षं तेच झालं, जास्त भयानक रीतीने. 2020 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट ह्या प्रकाशकाने ‘कर्स ऑफ स्ट्राड’मधल्या विस्तानी ह्या भटक्या लोकांचं चित्रण बदललं, कारण त्यात रोमा लोकांबद्दलचे जुने पूर्वग्रह भरले होते. बरं केलं. पण लोभी परका सावकार अजून प्रत्येक दुसऱ्या घरगुती कॅम्पेनमध्ये हिंडतो आहे, आणि ‘अहो, ही तर कल्पनासृष्टी’ म्हणत लोक त्याचा तो आवाज काढतात. कल्पनासृष्टीत लांब नाक कुठून आलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

उत्तम स्लाव्ह व्यापारी खलनायक पाहायचाय? गेम बाजूला ठेवा, नाटक वाचा. अलेक्सांद्र ओस्त्रोव्स्कीचं पहिलं मोठं नाटक 1850 मध्ये मॉस्कोच्या एका मासिकात छापून आलं. मॉस्कोतला बोल्शोव नावाचा व्यापारी सावकारांना बुडवायला खोटं दिवाळं काढायचं ठरवतो. मालमत्ता आपला विश्वासू कारकून पोद्खाल्यूझिनच्या नावावर करतो, त्यालाच मुलगीही देतो. सावकार म्हणतात रुबलमागे 25 कोपेक द्या, सोडतो. बोल्शोव तुरुंगातून रखवालीत घरी येऊन जावयाला विनवतो. जावई दहाच्या वर चढत नाही. बापाच्या पैशावर शिवलेले नवे कपडे घालून मुलगी शेजारी उभी असते, तिलाही विशेष वाटत नाही. शेवटी हा पोद्खाल्यूझिन प्रेक्षकांकडे वळतो आणि नवं दुकान काढतोय, या, म्हणून सगळ्यांना आमंत्रण देतो.

मॉस्कोच्या व्यापाऱ्यांना हे झोंबलं, पहिल्या निकोलसच्या राजवटीने नाटकाच्या प्रयोगांवर बंदी घातली आणि लेखकावर पोलिसांची नजर बसली. झारच्या नोकरशहांना एक गोष्ट कळत होती: शिक्षा न होणारा व्यापारी रंगमंचावर दिसला तर प्रेक्षक घरी जाताना खऱ्या व्यापाऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघतील. आमच्या साहसलेखकांवर कुठल्याही झारची बंदी नाही. तरी ते आपणहून शेवटच्या प्रकरणात व्यापाऱ्याला आडवा करतात आणि जगाचा हिशेब चुकता झाल्यासारखं दाखवतात. ही फुकटची सेन्सॉरशिप.

गोगोलचा चिचिकोव तर रूढ अर्थाने व्यापारीसुद्धा नाही. 1842 च्या ‘मृतात्म्यां’मध्ये तो गावोगाव फिरून मेलेले भूदास विकत घेतो, कारण पुढच्या शिरगणतीपर्यंत कागदावर ते जिवंत असतात आणि कागदावरच्या माणसांवर कर्ज काढता येतं. मेलेल्यांना कामाला लावणारा नेक्रोमॅन्सर म्हणतात तो हाच. फक्त त्याच्या मंत्राला सरकारी शिक्का लागतो.

दुसऱ्या टोकाचा व्यापारीही त्याच मातीत आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलेला आहे. त्वेरचा अफानासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोडा घेऊन चौलला उतरला, जुन्नरला गेला. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तरच परत देईन म्हणाला. एका खुरासानी खोजाने मध्यस्थी केली म्हणून घोडा सुटला. पुढे बिदर, आणि शेवटी दाभोळहून परतीचा प्रवास. स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत दिग्दर्शकाच्या जोडीने 1957 मध्ये त्याच्यावर ‘परदेसी’ काढला. पण चित्रपटाला जे फारसं नको होतं ते त्याच्या वहीत आहे. तो साहसासाठी आला नव्हता. व्होल्गाच्या मुखाजवळ लुटारूंनी त्यांचा काफिला लुटला. ज्यांचं घरी काही होतं ते घरी परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते पाय नेतील तिकडे गेले, आणि निकितीन पुढे गेला. इथे पोचल्यावर त्याला कळलं की आपल्या देशात खपेल असा माल इथे नाही, जो स्वस्त आहे त्यावर जकात भारी आणि समुद्रात चाचे. उधारीने एक माणूस त्वेरहून जुन्नरपर्यंत ढकलला. त्याला कर्ज देणारा कोण होता, ह्याची नोंद नाही. कॅम्पेनचा खलनायक मला तिथे हवा आहे: त्वेरला शेकोटीजवळ बसलेला, निकितीनचं नाव वहीत लिहिलेला, तो परत आला नाही म्हणून खरोखर हळहळणारा.

हे सगळं मांडलं की हमखास आक्षेप येतो: अगं, लोक खेळायला येतात, अर्थशास्त्राच्या तासाला नाही. हा आक्षेप घेणारी माणसं चिलखताचं वजन, दोरीची लांबी आणि बाणांची संख्या तीन तास मोजत बसतात. त्यांना हिशेबाचं वावडं नाही, त्यांना फक्त स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्या हिशेबाचं वावडं आहे. आणि करारावर तलवार कशी चालवायची, ह्याचं उत्तर मराठी खेळाडूला तरी शिकवावं लागू नये. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे गळे क्वचितच धरले. त्यांनी कर्जखतं मागितली आणि जाळली. शत्रू कुठे लपलाय हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. फासे टाकून हे खेळता येत नाही असं ज्याला वाटतं, त्याने निदान एकदा कागद मिळवायचा दरोडा खेळून बघावा.

माझ्या टेबलावर सध्या एक मेणाचा व्यापारी आहे. शहराचा काटा त्याच्या ताब्यात आहे. तो दारू पीत नाही, चर्चला दान देतो, नोकरांना वेळेवर पगार देतो, आणि त्याचा उच्चार माझ्यासारखाच आहे. खेळाडूंना त्याच्याबद्दल पहिल्या दिवसापासून संशय. परवा त्यांना राहवलं नाही. रात्री त्यांनी त्याच्या तळघराचं कुलूप तोडलं, मशाली पेटवल्या, भिंती ठोकून पाहिल्या, वेदी शोधली. आत मेण होतं. नीट तोललेलं, शिक्के मारलेलं. तेवढ्यात वर राजाची माणसं आली आणि घरफोडीबद्दल पाचही जणांना धरलं. गावात ते उपरे, त्यांना जामीन कोण राहणार?

व्यापारी राहिला. त्याने रात्री झोपेतून उठून येऊन अंगठा दिला, त्यांना घरी नेलं, गरम सूप पाजलं. त्यांनी त्याचे आभार मानले आणि समोर ठेवलेल्या सालीवर सह्या केल्या. व्याजाचा दर मी त्यांना अजून सांगितलेला नाही.